कंदीलपुष्प ओळखताना या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबरात सह्याद्रीच्या सड्यांवर कंदीलपुष्प म्हणजेच खरपुडी (सेरोपेजिया) फुलली की समोरून काढलेला एकच फोटो येतो आणि सोबत प्रश्न: ‘कुठली जात?’ त्या फोटोवरून फार तर सेरोपेजिया एवढंच सांगता येतं.

डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे उमललेल्या फुलाला कळी समजणं. बऱ्याच जातींत पाचही पाकळ्यांची टोकं वर जुळलेलीच राहतात. चिलटं शिरतात ती मधल्या खिडक्यांतून. दरवर्षी कुणीतरी ‘उमलत नाहीये’ म्हणून ती टोकं नखाने सोडवतं. झालं, पिंजरा मोडला, आणि जात ठरवायचं मुख्य लक्षणही गेलं. बाजूने बघा: खिडक्या दिसल्या की फूल उमललेलं आहे. खऱ्या कळीच्या शिवणी घट्ट मिटलेल्या असतात. हात लावायची गरज नाही.

दुसरी, नुसत्या पानावर विसंबणं. सेरोपेजिया बल्बोसाचं पान एका जागी गोलसर, तर दुसरीकडे गवतासारखं अरुंद. मग अरुंद पान दिसलं की लोक सेरोपेजिया अटेन्युआटा ही दुसरी जात म्हणून मोकळे होतात! अटेन्युआटा ताठ उभी वाढते आणि तिच्या पाकळ्या लांब, बारीक निमुळत्या असतात. बल्बोसा वेल आहे. पण जुलैत वितीएवढा वेलही ताठच उभा असतो. आधार धरेपर्यंत थांबायला हवं, आणि थांबणं नवख्यांना जमत नाही.

ईश्वरी या वेगळ्याच वेलीचं फूलही तळाशी फुगीर नळीचं असतं, म्हणून गल्लत होते. पानं बघा: ईश्वरीची एकाआड एक, खरपुडीची समोरासमोर.

रंगावर जाऊ नका. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर दिसली म्हणून ती २००६ साली तिथून नोंदलेली सेरोपेजिया अंजनेरिकाच, असंही नसतं.

फोटो सहा लागतात: अख्खं झाड, पानांची जोडी, पानाची खालची बाजू, खोडावरची लव, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून बाजूने फूल, आणि वरून त्याचं तोंड. नळीच्या तळातला किरीट (मुकुटासारखा छोटा भाग) बघायचाच असेल तर गळून पडलेलं फूल उचला, गरम पाण्यात मऊ करा, ब्लेडने उभं चिरा आणि दहापट भिंगाखाली धरा. झाडावरचं फूल तोडायचं नाही.

खात्रीसाठी कंद उकरणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. कंद गेला की झाड गेलं. फोटो टाकण्याआधी मोबाइलचं लोकेशन तेवढं बंद करा, कंद खणून नेणारेही ते फोटो बघतात.