व्हेर्दोंची रूत दे क्रेत: घड्याळाच्या दिशेनेच फिरा

दक्षिण फ्रान्समधल्या व्हेर्दों नदीच्या दरीत सायकल चालवायची असेल, तर ला पालू गावातून सुरू होऊन तिथेच परतणारा, रूत दे क्रेत या रस्त्याचा हा साधारण २३ किलोमीटरचा फेरा घ्या. अंतर फसवं आहे. रस्ता जवळजवळ १,३०० मीटरपर्यंत चढतो आणि घाट काही सरळ नाही.

गावातून कास्तेलानच्या दिशेने निघा आणि थोड्याच अंतरावर उजवीकडे डी २३ हा रस्ता पकडा. चढ आधी येतो आणि दरी पाहायचे सज्जे डावीकडे लागतात. उलटं जाऊ नका, मधला भाग एकेरी आहे. हिवाळ्यात रस्ता बंद असतो, तेव्हा आधी चौकशी करा.

दोन्ही बाटल्या गावातच भरा. वर सावली कमी, दुकान नाही.

उतारावर खरी परीक्षा. वळणांवर खडी असते आणि नजर खालच्या हिरव्यानिळ्या पाण्याकडेच ओढली जाते. पाहायचं असेल तर थांबून पाहा! ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दाबा, वेग उतरवा, मग सोडा. शिवाय डावीकडून चालवायची आपली सवय गावाबाहेर पडताच उफाळून येते. इथे उजवीकडे राहायचं.

ला मालीन या डोंगरी निवाऱ्यापर्यंत उतरलात की संपलं असं वाटतं, पण पुढे पुन्हा चढ आहे. त्यासाठी मूठभर खजूर खिशात राखून ठेवा.

गिधाडं बघायची असतील तर फार पहाटे निघू नका. ऊन तापून हवा वर चढू लागली, की ती कड्यांवरून तरंगत येतात, कधी तर आपल्या पायाखालून.