ऑक्टोबर हीटमध्ये वादळाची वाट पाहताय? या चुका टाळा

नवरात्र उरकतं, पाऊस पाठ फिरवतो आणि डोंबिवलीत सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटायला लागतो. मग आमच्यासारख्या हवामानवेड्यांचा ठरलेला उद्योग सुरू होतो. फोनवर विंडी हे हवामानाचं ॲप उघडायचं, अरबी समुद्र बोटांनी मोठा करायचा आणि खालची तारखेची पट्टी सरकवत पुढच्या आठवड्यात न्यायची. तिथे एखादा लालजांभळा भोवरा दिसला की जीव सुखावतो. चला, सिस्टीम बनतेय! दोन दिवस वारा सुटेल, चार सरी पडतील आणि मागोमाग थंडी.

पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत, काही तर दरवर्षी. उकाड्याने गांजलेल्या माणसाला नकाशात हवामान दिसायच्या आधी सुटका दिसते, मूळ दुखणं हे.

दहाव्या दिवसाचा भोवरा खरा मानणं

विंडीवर दिसतो तो फोटो नव्हे, ती आकडेमोड आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी त्या रंगांची भूल पडतेच. युरोपियन मॉडेल म्हणजे संगणकावर हवामान मांडणारं गणित; त्याचा मुख्य रन, म्हणजे गणिताची एक पूर्ण फेरी, पहाटे साडेपाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींवरून सुरू होतो. अमेरिकी मॉडेल जीएफएसचा दिवसातून चार वेळा. सकाळी जीएफएसने रत्नागिरीला धडकवलेलं वादळ दुपारच्या युरोपियनमध्ये ओमानला गेलेलं असतं आणि रात्रीच्या रनमध्ये अजिबातच नसतं. तीन दिवसांपुढे मी त्याला अंदाज म्हणत नाही, शक्यता म्हणतो. सात दिवसांपुढे करमणूक.

वादळ बनायला समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर असावं लागतं. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे ते असतंच, म्हणून लोक तेवढ्यावर भाळतात. पण वर आणि खाली वाहणाऱ्या वाऱ्यांच्या वेगात आणि दिशेत फार फरक असेल, तर उभा राहू पाहणारा ढगांचा मनोरा वाकतो आणि मोडतो. ऐन पावसाळ्यात आपल्या समुद्रात मोठी चक्रीवादळं सहसा होत नाहीत त्याचं कारण हेच. दुसरा शत्रू म्हणजे अरबस्तानाकडून येणारी कोरडी हवा. ती केंद्रात शिरली की दोन दिवसांपूर्वीचं रुबाबदार वादळ फुसकं होऊन जातं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘शक्ती’ तीव्र चक्रीवादळ होऊनही समुद्रातच विरलं. त्या आठवड्यात मला निदान वीस जणांनी विचारलं असेल, ‘मुंबईला कधी येतंय?’

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. एकच रन बघून निष्कर्ष काढू नका. सलग चार रन एकाच दिशेने बोलतात का, ते बघा. दोन वेगळी मॉडेलं जुळतात का, ते बघा. जमलं तर एन्सेम्बल बघा. त्यात युरोपियन मॉडेल सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून पन्नासएक वेळा तेच गणित मांडतं. पन्नासांपैकी चार रेषा कोकणाकडे आणि बाकीच्या येमेन-ओमानकडे जात असतील, तर उत्तर समोरच आहे. आपलं मन मात्र त्या चारांवरच जाऊन बसतं.

शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रातल्या सिस्टीमचा ओढा बहुतेक वेळा पश्चिमेकडे असतो. २०२३ चं ‘तेज’ येमेनला गेलं. याला अपवाद आहेत: ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर आलं, आणि कोकणातले मच्छीमार ते अजून विसरलेले नाहीत. पण अपवाद धरून गणित करू नये.

‘डिप्रेशन’ म्हटलं की वादळ समजणं

आयएमडीच्या, म्हणजे भारतीय हवामान विभागाच्या, भाषेत पायऱ्या ठरलेल्या आहेत. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या खाली असेल तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. ३१ ते ४९ डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन. ६२ ओलांडल्यावर चक्रीवादळ, आणि नाव तेव्हाच मिळतं. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, असं करत २२२ च्या पुढे सुपर सायक्लोन. तेव्हा कमी दाबाच्या पट्ट्याला कुणी आधीच नाव देऊन मेसेज फिरवत असेल, तर तो यादीतलं पुढचं नाव बघून मोकळा झालाय. ही यादी १३ देशांनी मिळून दिलेल्या १६९ नावांची आहे, २०२० साली जाहीर झालेली, कुणालाही बघता येते.

इथेच आणखी एक गोंधळ होतो. अमेरिकी नौदलाचं केंद्र वाऱ्याची एका मिनिटाची सरासरी धरतं, आयएमडी तीन मिनिटांची. त्यामुळे अमेरिकी आकडा बहुधा जास्त दिसतो. ‘आयएमडी लपवतंय’ असा निष्कर्ष त्यावरून काढणारे दरवर्षी भेटतात. वादळ तेच असतं, मोजपट्टी वेगळी. आणि आकडा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, असेल तर किलोमीटरसाठी १.८५ ने गुणायला विसरू नका.

रेषेवर बोट ठेवून ‘आपण वाचलो’ म्हणणं

ट्रॅकच्या, म्हणजे वादळाच्या अपेक्षित वाटेच्या, नकाशात मधे एक रेष असते आणि तिच्याभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा कोन. कोन म्हणजे वादळाचा आकार, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. केंद्र कुठे कुठे असू शकेल, तेवढंच तो सांगतो. वारा आणि पाऊस त्या कोनाच्या बाहेरही असतात.

१७ मे २०२१ आठवा. ‘तौक्ते’चं केंद्र मुंबईत आलंच नाही, समुद्रातून वर सरकत रात्री ते गुजरातच्या किनाऱ्याला लागलं. तरी कुलाब्यात ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले, सांताक्रूझला २४ तासांत २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज (मोठी सपाट नौका) बुडून कितीतरी कामगार दगावले. ‘केंद्र दीडशे किलोमीटर लांब आहे’ हे वाक्य त्या दिवशी काही कामाचं नव्हतं.

‘निसर्ग’चं उलट झालं. ३ जून २०२० ला सगळ्यांचे डोळे मुंबईवर होते आणि मार बसला तो श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. मुंबईत संध्याकाळी लोक ‘काहीच झालं नाही’ म्हणत होते.

‘वादळ गेलं की थंडी पडते’

ही चूक सर्वांत गोड, आणि सर्वांत हट्टी.

आधी ऑक्टोबर का तापतो ते बघू. पावसाळ्यात ढगांची छत्री असते. मान्सून मुंबईतून निघायची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात. तो गेला की छत्री मिटते. सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला नुकताच सरकलेला असतो, त्यामुळे ऊन अजून चांगलंच चढं असतं. जमीन मात्र ओली, भातखाचरांत पाणी, हवेत बाष्प. पावसाळी वारा पडलेला आणि उत्तरेचा अजून सुरू झालेला नाही. घाम येतो पण वाळत नाही. म्हणून ऑक्टोबरातले ३५ अंश मार्चमधल्या ३५ पेक्षा जास्त छळतात. मुंबईपट्ट्यात तर खारे वारे किती वाजता आत शिरतात त्यावर सगळा दिवस ठरतो. अकराला आले तर ठीक, दोनपर्यंत रखडले तर पारा दोनतीन अंश सहज वर.

आता यात वादळ घाला. अरबी समुद्रात ते आपल्या पश्चिमेला असेल, तर आपण त्याच्या उजव्या अंगाला येतो. वारे दक्षिणेकडून, दमट. ते लांब ओमानकडे गेलं, तर बऱ्याचदा आपल्याकडे जमिनीवरून पूर्वेचे वारे वाहतात, खाऱ्या वाऱ्यांना अडवतात आणि दुपार आणखी तापते. ढग आले तर दिवसा दोन अंश कमी होतील, पण रात्री तेच ढग पांघरूण होऊन बसतात. जमिनीची ऊब वर निसटत नाही आणि पहाटही घामाची जाते.

२०२४ चं उदाहरण माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे. नोव्हेंबरअखेर पुण्यात पारा दहाच्या आसपास उतरला होता, स्वेटर बाहेर निघाले होते. ३० नोव्हेंबरला ‘फेंगल’ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे सरकले. महाराष्ट्रावर ढग, पूर्वेचे वारे, थंडी गायब. ४ डिसेंबरला सांताक्रूझला ३७ अंशांच्या वर तापमान! डिसेंबरात! ते सगळं विरलं, उत्तरेचे कोरडे वारे पुन्हा सुरू झाले, आणि पाचच दिवसांनी तिथेच किमान तापमान १४ च्या खाली. थंडी वादळ संपल्यावर आली, पण ती वादळाने आणलेली नव्हती. त्याने ती अडवून धरली होती.

आपली थंडी उत्तरेतून येते. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी हवेच्या लाटा, हिमालयात बर्फ टाकून पुढे जातात, त्यांच्या मागून कोरडी हवा खाली उतरते, आकाश निरभ्र राहतं आणि रात्री लांबतात. त्यामुळे ऑक्टोबरात सुटका शोधायचीच असेल तर नजर समुद्रावरून उचलून निफाड, नाशिक, महाबळेश्वरच्या किमान तापमानाकडे न्या. ॲपमध्ये दवबिंदूचा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव ज्या तापमानाला व्हायला लागतं त्याचा, आकडा असतो, तो बघा. माझा ठोकताळा असा, की आमच्याकडे दवबिंदू २४ वरून १८ च्या खाली आला की पंखा एका आकड्याने कमी होतो.

यात एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ रत्नागिरीपासून दोनअडीचशे किलोमीटरवर होतं. पुढे ते सुपर सायक्लोन झालं आणि ओमानच्या दिशेने गेलं. मी डोंबिवलीत बसून उपग्रहाची चित्रं बघत हरखलो होतो. राजापूरला मामाला फोन लावला, म्हटलं, ‘मामा, काय भारी सिस्टीम आहे!’ तो दोन क्षण गप्प राहिला, मग म्हणाला, ‘तुझी सिस्टीम राहू दे रे. कापलेलं भात मळ्यात भिजतंय, लोंबीला कोंब फुटलेत.’ ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण त्याच अनुभवातून आलेली आहे. चित्रा नक्षत्र म्हणजे साधारण १० ते २४ ऑक्टोबर, म्हणजे आपण ज्या दिवसांत गॅलरीत उभं राहून वादळाची आळवणी करतो नेमके तेच. तेव्हापासून वादळ यावं असं मी मोठ्याने म्हणत नाही. मनात येतं, ते सोडा.

चार वाजता बॅरोमीटर बघून घाबरणं

फोनमध्ये दाबमापक असतो हे कळलं तेव्हा मी दर तासाला नोंदी घेत होतो. एका दुपारी दाब १००९ वरून १००६ वर आला. मी सोसायटीत जिन्यात उभं राहून सांगितलं, ‘दाब पडतोय, रात्री काहीतरी होणार.’ रात्री वीजसुद्धा गेली नाही. तळमजल्यावरच्या काकू अजून लिफ्टमध्ये विचारतात, ‘काय रे, आज दाब कसा आहे?’

झालं होतं एवढंच: आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक तीनचार मिलिबारचा, काहीही हवामान बिघडलेलं नसताना. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. त्यात तीनचारने घट असेल तर मात्र लक्ष द्या. पुणेकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तुम्ही ५६० मीटर उंचीवर आहात, फोन ९५० दाखवेल. तो सुपर सायक्लोन नाही, सिंहगड रोड आहे.

पर्जन्यमापकाचे घोळ

घरी बाटलीला नरसाळं लावून पाऊस मोजत असाल तर बाटलीतली उंची म्हणजे मिलिमीटर नव्हे. नरसाळ्याचं तोंड १० सेंटिमीटर आणि बाटली ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर क्षेत्रफळ चौपट. बाटलीत १० मिलिमीटर साठलं म्हणजे पाऊस अडीच मिलिमीटर. सरळ बाजूंचा डबा ठेवलात तर ही कटकटच नाही. गॅलरीच्या कठड्यावर मात्र नको, गच्चीत मोकळ्यावर ठेवा.

आणि तारीख. सरकारी नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी असते आणि ती दुसऱ्या दिवसाच्या तारखेला पडते. दहा तारखेच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस अकराच्या रकान्यात दिसेल. ‘आमच्याकडे एवढा झाला आणि यांनी शून्य दाखवलाय’ या तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतात.

काही किरकोळ

उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात पांढरं म्हणजे ढगाचा माथा थंड, पाऊस असेलच असं नाही. पाऊस बघायचा तर रडार. चित्रावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर साडेपाच तास मिळवा. पिवळा अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. पिवळ्याला सुट्टी मागू नका आणि लाल असताना समुद्रावर फोटो काढायला जाऊ नका. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर ॲप काहीही सांगो, होडी बाहेर काढायची नाही. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट करून पडणारी सर म्हणजे वादळाची चाहूल नव्हे. दिवसभराच्या तापण्याचाच तो हिशेब असतो आणि तासाभराने उकाडा व्याजासकट परत येतो.

एवढी यंत्रं आणि मॉडेलं असूनही थंडीची सर्वांत भरवशाची नोंद आमच्या घरात आई ठेवते. न्हाणीघरातल्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली असते. ते चोवीसएक अंशांखाली थिजायला लागतं. ज्या पहाटे तळाशी पांढरट साका दिसतो, त्या दिवशी आई गोधड्या उन्हात टाकते. आज सकाळी मी बाटली उलटी करून पाहिली. पाण्यासारखं पातळ.