गिटारचं पर्फलिंग: पट्टी स्वतः करायची असेल तर

गिटारच्या पुढच्या फळीवर, अगदी कडेला लागून ज्या बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा धावतात ते पर्फलिंग. त्याच्या बाहेरची जाड पट्टी म्हणजे बाइंडिंग. दोन्ही मिळून पुढच्या फळीच्या स्प्रूस या मऊ लाकडाच्या उघड्या कडेला ठोकर आणि ओलावा यांपासून जपतात. रोझेट, म्हणजे मधल्या भोकाभोवतीची नक्षी, आणि कडेची रेघ एकाच घराण्यातल्या वाटल्या, तरच वाद्य डोळ्यांत भरतं. तयार पट्ट्या विकत मिळतात, पण आपल्या रोझेटशी नेमकी जुळणारी पट्टी बहुतेक वेळा आपल्यालाच करावी लागते. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने हे काम लवकर हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात काळी-पांढरी-काळी अशा तीन थरांनी करा. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लागतं: पांढऱ्यासाठी मेपल, काळ्यासाठी आरपार रंगवलेलं. आरपार हे महत्त्वाचं, कारण वरवर रंगवलेल्या व्हेनिअरला स्क्रॅपर (लाकूड खरवडायचं पोलादी पातं) लागला की आतलं फिकट लाकूड दिसतं. आणखी एक तपासणी चुकवू नका. ओल्या पांढऱ्या फडक्याने काळं व्हेनिअर चोळून बघा. फडकं काळं झालं, तर तोच रंग पुढे स्प्रूसमध्ये उतरेल आणि तिथून तो निघत नाही. असं व्हेनिअर बाजूला ठेवा. ते चांगलं निघालं तरी पट्टी बसवायला फळीच्या कडेला कोरलेल्या खाचेच्या आतल्या कडेला लाखेच्या पॉलिशचा पातळ हात मारलेला बरा.

पट्टी गिटारच्या आकारात वाकवताना काय होणार हे गोंद निवडतानाच ठरून जातं. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो. सरसाला गरम ओलावा चालत नाही. त्यामुळे पट्टी भिजवून गरम पाइपवर धरली की थर सुटे होतात, आणि नवशिक्याला वाटतं की आपण नीट चिकटवलं नव्हतं. पट्टी भिजवूनच वाकवायची असेल तर थर इपॉक्सीने जोडा. मला स्वतःला पांढरा गोंद आणि कोरडी उष्णता ही जोडी आवडते. गोंद मऊ झाला की थर एकमेकांवरून किंचित सरकतात, आणि वाकवलेल्या अवस्थेत गार होऊ दिले की तिथेच पुन्हा धरतात. म्हणजे गोंदाचा दोषच इथे कामाला येतो.

थर चिकटवताना दोन सपाट फळ्यांमध्ये प्लास्टिकचा कागद घालून भरपूर शिकंजे लावा आणि रात्रभर ठेवा. पावसाळ्यात हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर जातो, तेव्हा एक दिवस आणखी दाबून ठेवा. घाईने काढलेला थरांचा पत्रा पिळवटतो. मग पोलादी पट्टी आणि धारदार सुरीने दोन-सव्वादोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. लांबी ८० सेंटिमीटरच्या आसपास ठेवली की मोठ्या गिटारची एक बाजू निघते. प्रत्येक पट्टीची जाडी कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मोजा. दोन बाजूंच्या पट्ट्यांत थोडा जरी फरक असला तरी तो खालच्या सांध्यात उघडा पडतो.

वाकवायचा पाइप बाजूच्या फळ्यांसाठी तापवतो तेवढा तापवू नका. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र करून उडावा. तो टणाटण नाचायला लागला तर पाइप जास्त तापलाय. बाहेरचा मोठा गोलवा बहुधा हातानेच बसतो, खरी कसोटी कंबरेची, म्हणजे गिटार मध्ये आत वळते त्या भागाची. तिथे पट्टी पाइपवर दाबू नका, सावकाश पुढेमागे फिरवत राहा. लाकूड स्वतःहून सैल पडलेलं बोटांना कळतं, तेव्हाच वाक द्या. मग साच्यावर टेपने धरून पूर्ण गार होऊ द्या.

हेरिंगबोन म्हणजे माशाच्या काट्यासारखी नक्षी अनेकांना पहिल्याच गिटारवर हवी असते. मार्टिन कंपनीच्या डी-२८ मुळे ती जगभर ओळखीची झाली. १९४७ च्या सुमारास त्यांनी ती बंद केली आणि १९७६ मध्ये एचडी-२८ वर परत आणली. काळ्या-पांढऱ्या थरांचा ठोकळा तिरका कापायचा, उलटसुलट कलाच्या चकत्या समोरासमोर जोडायच्या, आणि दोन्ही बाजूंनी लांब रेषेचं व्हेनिअर लावायचं. आतल्या तुकड्यांत लाकडाची रेषा आखूड असते, त्यामुळे कंबरेत पट्टी तडकते; तिला धरून ठेवतं ते बाहेरचं व्हेनिअरच. साध्या तीन रेघा दोन-तीन गिटारींवर बसल्यानंतरच हिच्याकडे वळा.

पट्टी बसवताना खालच्या मध्यरेषेपासून सुरुवात करा आणि कंबरेत टेप दुप्पट लावा, कारण तिथे पट्टी खाचेतून बाहेर यायला बघते. खाच पट्टीच्या उंचीपेक्षा केसभर उथळ ठेवा. स्क्रॅपर मात्र दुसऱ्या दिवशी लगेच लावू नका. गोंदातल्या पाण्याने लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलं, तर आठवड्याभराने ते आक्रसतं आणि पॉलिशखाली रेघेच्या जागी बारीक घळ दिसते.