संचांची शाब्दिक उदाहरणं: या चुका टाळा

नववीत संच शिकताना पाठ केलेलं सूत्र बहुतेकांना आठवतं: दोन्ही संचांची बेरीज, वजा सामाईक घटक. तरी कॅट, जीमॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षांत किंवा एमपीएससीच्या सीसॅट या कल चाचणीच्या पेपरात अशा उदाहरणांचे गुण जातात. दिलेला आकडा पूर्ण वर्तुळाचा (आकृतीत प्रत्येक संच म्हणजे एक वर्तुळ) की त्याच्या एका तुकड्याचा, हे न ठरवताच आकडेमोड सुरू होते आणि तिथेच घात होतो.

‘७० जण मराठी वृत्तपत्र वाचतात’ यात इंग्रजीही वाचणारे धरलेले असतात. ‘फक्त मराठी’ म्हटलं असेल तरच तो आकडा वर्तुळाच्या सामाईक नसलेल्या तुकड्यात लिहायचा. आकृती भरायची ती मधून बाहेर: आधी सामाईक भाग, मग वजाबाकी करून ‘फक्त’चे भाग, शेवटी वर्तुळांबाहेरचे.

या बाहेरच्यांचा विसर फार पडतो. समजा १२० विद्यार्थ्यांपैकी ७० मराठी वृत्तपत्र वाचतात, ४८ इंग्रजी, आणि २२ कोणतंच नाही. दोन्ही वाचणारे किती? २२ विसरलात तर ७० + ४८ − १२० = −२ येतं. ऋण उत्तर आलं, म्हणजे काहीतरी सुटलंय. आधी १२० मधून २२ काढा, ९८ उरतात; ७० + ४८ − ९८ = २०. पडताळा: फक्त मराठी ५०, फक्त इंग्रजी २८, दोन्ही २०, बाहेर २२, बेरीज १२०. दहा सेकंदांचं काम आहे, ते टाळू नका.

तीन वर्तुळं आली की खरी गफलत होते, कारण सूत्रं दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळली जातात. २२० जणांत क्रिकेट ११०, कबड्डी ९० आणि खो-खो ७० जण खेळतात. नेमके दोन खेळ खेळणारे ४०, तिन्ही खेळणारे १५. एकही न खेळणारे किती? तिन्हींची बेरीज २७०. नेमके दोन खेळणारा माणूस त्यात दोनदा मोजला गेलाय, म्हणून ४० एकदा वजा. तिन्ही खेळणारा तीनदा मोजला गेलाय, म्हणून १५ दोनदा वजा: २७० − ४० − ३० = २००. उत्तर २०.

इथे सवयीने ‘वजा जोड्या, अधिक तिन्ही’ केलं तर २७० − ४० + १५ = २४५ येतं, म्हणजे मूळ माणसांपेक्षाही जास्त. ते सूत्र ‘क्रिकेट आणि कबड्डी खेळणारे’ असे जोड्यांचे आकडे दिले असतील तेव्हाचं. त्या प्रत्येक जोडीत तिन्ही खेळणारेही असतात. या उदाहरणात जोड्यांची बेरीज ४० + ३ × १५ = ८५ होईल, आणि २७० − ८५ + १५ पुन्हा २००. ‘किमान दोन’ विचारलं तर मात्र ४० + १५ = ५५.

टक्क्यांत ‘पैकी’ या शब्दाखाली रेघ मारा. कंपनीत ६०% पुरुष. पुरुषांपैकी ३०% पदवीधर. एकूण ५०% पदवीधर. स्त्रियांपैकी पदवीधर किती टक्के? एकूण १०० माना. पुरुष पदवीधर ६० चे ३०%, म्हणजे १८. स्त्री पदवीधर ३२, आणि ४० पैकी ३२ म्हणजे ८०%. घाईत १८ ऐवजी ३० लिहिलं की ५०% येतं, आणि हा आकडा पर्यायांत हमखास असतो. पुरुष-स्त्री, पदवीधर-बिगरपदवीधर अशा विभागणीला वर्तुळांपेक्षा बेरजेच्या रकान्यासह चौकटींचा तक्ता बरा. रिकामी चौकट लगेच दिसते.

नापासांच्या उदाहरणात संच नापासांचेच ठेवा. ३५% हिंदीत, ४५% इंग्रजीत, २०% दोन्हींत नापास: किमान एका विषयात नापास ६०%, म्हणून दोन्हींत पास ४०%. मध्येच पासचे आकडे घुसवले की घोळ होतो.

‘८०% लोकांकडे मोबाइल, ७०% लोकांकडे दुचाकी, दोन्ही असणारे किती?’ एवढीच माहिती असेल तर एक ठरावीक उत्तर निघतच नाही. गुणाकार करून ५६% काढू नका. बाहेर कोणी नसेल तर ८० + ७० − १०० = ५०%, हे किमान. सगळे दुचाकीवाले मोबाइलवाल्यांत आले तर ७०%, हे कमाल. तेव्हा २०% बाहेर राहतात. जीमॅटच्या ‘माहिती पुरेशी आहे का’ या प्रकारात, बाहेरच्यांचा किंवा एखाद्या ‘फक्त’ भागाचा आकडा मिळाल्याशिवाय ‘पुरेशी’ म्हणू नका.