सिझेरियनमध्ये पाठीतून भूल घेताना मळमळ आणि उलटी कशी टाळावी

मळमळ रोखण्याची तयारी भूलतज्ज्ञांच्या आधीच्या तपासणीतच सुरू होते. पूर्वी एखाद्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या झाल्या असतील किंवा प्रवासात गाडी लागत असेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे. मधुमेह आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांचीही माहिती द्यावी. कारण उलटी रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी डेक्सामेथासोनने साखर वाढू शकते आणि ऑनडान्सेट्रॉनचा परिणाम ठोक्यांच्या लयीवर होऊ शकतो. धोका जास्त असलेल्या स्त्रीला सहसा वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी दोन औषधे दिली जातात.

ठरलेल्या सिझेरियनपूर्वी साधारणपणे हलके अन्न ६ तास आणि साधे पाणी २ तास आधी थांबवतात. तळलेले, तेलकट पदार्थ त्याहूनही आधी बंद करावेत. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. रुग्णालयाने वेगळी वेळ सांगितली असेल, तर तीच पाळावी.

टेबलावर भूल चढताच रक्तवाहिन्या सैलावतात, पाठीवर झोपल्याने भरलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, रक्तदाब उतरतो आणि एकाएकी मळमळू लागते. ही मळमळ म्हणजे बहुधा उतरत्या रक्तदाबाची खूण असते, म्हणून ती मुकाट्याने सोसू नये. उशाशी असलेल्या भूलतज्ज्ञांना तत्काळ सांगावे. सलाइन, फेनिलेफ्रिनसारखे औषध आणि शरीराचा डावीकडे थोडा कल यांनी दाब सावरला, की बहुतेकींना लगेच बरे वाटते. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय हाताळताना किंवा रक्तस्राव रोखण्याच्या काही इंजेक्शनांनीही उमासे येतात. तेव्हाही तसेच सांगावे.

वॉर्डात आल्यावर कारण बदलते. वेदना कमी राहाव्यात म्हणून पाठीच्या इंजेक्शनात मॉर्फिन दिले असेल, तर मळमळ आणि खाज कित्येक तास टिकू शकते. पण त्या भीतीने वेदनाशामक नाकारू नये, उलटीवरचे औषध मागावे. परवानगी मिळाल्यावर पाणी घोटाघोटाने प्यावे, नातेवाइकांनी खाण्याचा आग्रह धरू नये, आणि प्रथम उठताना आधी काही वेळ बसून मगच परिचारिकेच्या आधाराने उभे राहावे. उलटी आलीच तर मान कुशीकडे वळवून टाक्यांवर उशी धरावी.

उलट्या थांबत नसतील, पोट फुगत असेल, बसल्यावर डोके ठणकून आडवे होताच उतरत असेल, किंवा तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधुक दिसत असेल, तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.