एकदांडीच्या पाल्याने रक्त खरंच गोठतं का? अशी घ्या चाचणी

एकदांडी (Tridax procumbens) ही रानटी वनस्पती. ठाण्यात ती कुंपणालगतही मिळते. येऊरला तोडू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. पाला सावलीत वाळवा. पावसाळ्यात इथे त्याला बुरशी धरते, तेव्हा पंख्याखाली पातळ पसरा.

10 ग्रॅम पूड 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 24 तास फ्रिजमध्ये भिजवा, गाळा, 40 अंशांवर आटवा. सुका अर्क सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) 10 मिग्रॅ प्रति मिली विरघळवा.

रक्त प्रशिक्षित तंत्रज्ञानेच, परवानगीनिशी, निळ्या टोपीच्या सायट्रेट ट्यूबमध्ये खुणेपर्यंत घ्यावं. सायट्रेट रक्त गोठू देत नाही. कमी भरलं तर सायट्रेट जास्त होऊन गोठण्याची वेळ उगाच लांबते. सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, काढा.

37 अंशांवर 0.2 मिली प्लाझ्मा, 0.1 मिली अर्क आणि शेवटी 25 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड 0.2 मिली घाला. कॅल्शियममुळे गोठणं सुरू होतं, म्हणून ते पडताच स्टॉपवॉच सुरू. गुठळी होईपर्यंत दर 5 सेकंदांनी नळी तिरकी करून पाहा. अर्काऐवजी सलाइन घातलेली नळी सोबत हवीच. प्रत्येकी तीन वेळा. अर्काची नळी सलाइनच्या नळीआधी गोठली, तरच अर्काने गोठणं लवकर झालं म्हणायचं.

खरी फसगत टॅनिनमुळे, म्हणजे पाल्यातल्या तुरट द्रव्यामुळे होते. ते प्रथिनं साकळवतं आणि गुठळी झाल्यासारखं दिसतं. म्हणून प्लाझ्मा आणि अर्काची एक नळी कॅल्शियमविना ठेवा. तीही साकळली, तर ते नेहमीचं गोठणं नव्हे.

अर्क जखमेवर मात्र लावू नका. तो निर्जंतुक नसतो.