सॅक आडवी केली आणि बाइक सरळ झाली

लायसन्स मिळून दीड महिना झाला होता. पुण्याहून पाचगणीला निघालो. मागच्या सीटवर मोठी सॅक उभी ठेवून हुकवाल्या दोन इलॅस्टिक दोऱ्यांनी आवळली होती. हायवेवर काही जाणवलं नाही. वाई सोडून पसरणी घाट लागला आणि वळणावर हँडल हलकं पडायला लागलं, मागचं टोक डोलायला लागलं.

थांबून पाहिलं तर सॅक उजवीकडे कललेली, तिचा पट्टा सायलेन्सरवर वितळून काळा चिकटलेला. एका दोरीचा सुटलेला हुक चाकापासून चार बोटांवर लोंबत होता. तो बघून हातपाय गार पडले.

तिथेच कडेला सगळं उपसलं. पाण्याच्या बाटल्या, बूट, नट-बोल्टचे पाने मी वरच्या कप्प्यात कोंबले होते! जड वस्तू तळाशी घेतल्या, सॅक आडवी करून माझ्या पाठीला टेकवली, मोकळी टोकं गाठ मारून आत खोचली. पुढची वळणं बाइकनं मुकाट घेतली.

नंतर दोन्ही बाजूंना लटकणारी सॅडलबॅग घेतली. दोन्हीकडचं वजन सारखं ठेवतो. इलॅस्टिक दोऱ्या कायमच्या बंद, आता बकलचे पट्टे. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर गार असतानाच, मागच्या टायरची हवा मॅन्युअलमध्ये डबल सीटसाठी दिलेल्या आकड्याइतकी भरतो, आणि मागचा शॉकअप एक खाच घट्ट करतो. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक पट्टा ओढून बघतो; बहुतेक वेळा एखादा सैल झालेला असतोच.